मेअखेरीस लेक डिस्ट्रिक्ट आणि व्हिटबी, आईबाबा सोबत आहेत, हवामानाचा भरवसा नाही, प्लॅन कसा करावा?

रानवाट

नमस्कार मंडळी. मी गेल्या सप्टेंबरात पुण्याहून लीड्सला आलोय, बायको जानेवारीत आली आणि आता आईबाबा दोन महिन्यांसाठी येतायत. मेच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, त्याला जोडून सुट्टी टाकलीये, शुक्रवार ते मंगळवार असे पाच दिवस हातात आहेत. आधी तीन दिवस लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकला राहून डोंगर आणि मग दोन दिवस पूर्व किनाऱ्यावर व्हिटबीला, असं डोक्यात आहे. गाडी भाड्याने घेणार.

आम्हाला दोघांना ट्रेकची सवय आहे. पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, रतनगड-कात्राबाई झालंय, पावसाळ्यात राजगड-तोरणा तर ठरलेलाच. बाबा ६५ चे आहेत, रोज सकाळी पर्वती चढतात पण उतरताना डावा गुडघा दुखतो. आईला चढ नको, सपाटीवर म्हणाल तेवढं चालेल.

आता मुद्दा असा की इथला, म्हणजे इंग्लंडातला सगळ्यात उंच डोंगर स्काफेल पाइक ९७८ मीटर आहे म्हणे, आपलं कळसूबाई १६४६ आणि सिंहगडसुद्धा १३०० च्या वर. तरी ऑफिसात हेल्वेलिन डोंगराचं नाव काढलं की सगळे आधी हवामान बघ, हवामान बघ करतात. मी रोज ॲप बघतोय तर ते सकाळी ऊन दाखवतं, दुपारी पाऊस, संध्याकाळी परत ऊन, आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळंच बदललेलं. पावसाची भीती अशी नाही हो, पावसातच तर खरी मजा. पण आईबाबा सोबत आहेत म्हणून विचारतोय. आम्हा दोघांना स्ट्रायडिंग एज, म्हणजे हेल्वेलिनच्या माथ्याकडे जाणारी अरुंद धार, करायची फार इच्छा आहे, ती जमेल का? आणि पोंचो आहेत चार, ते पुरतील ना?

कृष्णाकाठ

रानवाट, स्वागत. मी मूळचा वाईचा, न्यूकॅसलला १८ वर्षं झाली, आणि इथे फिरताना मला सगळ्यात उपयोगी काय पडलं असेल तर ते वाईतलं लहानपण. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून आमच्याकडे आलं की छत्री मिटायची. इथेही अगदी तेच गणित आहे बघा, फक्त अरबी समुद्राच्या जागी अटलांटिक आणि सह्याद्रीच्या जागी लेक डिस्ट्रिक्ट अन् पेनाइन्सची रांग. बॉरोडेल खोऱ्यात सीथवेट म्हणून चार घरांची वाडी आहे, केझिकपासून १५ किलोमीटरच्याही आत, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्या न्यूकॅसलला सातशेच्याही आत. म्हणजे पुण्यापेक्षा कमी! सीथवेटच्या वरच जी हॉनिस्टरची खिंड आहे तिथे ५ डिसेंबर २०१५ ला संध्याकाळी संपलेल्या २४ तासांत ३४१.४ मिलीमीटर पडला होता, डेस्मंड वादळात. आपल्याला तो आकडा ऐकून काही वाटत नाही, महाबळेश्वरात असे दिवस येतात, पण इथल्या ओढ्यांना आणि पुलांना तेवढ्या पाण्याची सवय नाही, आणि ते पाणी डिसेंबरचं असतं हे लक्षात घ्या.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, पावसाचं चित्र बघू नका, वारा कुठून येतोय ते बघा. वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असेल (बहुतेक वेळा तोच असतो) तर ढग लेक डिस्ट्रिक्टवर रिकामे होतात आणि व्हिटबीच्या बाजूला बऱ्याचदा कोरडं, उघडीप, थोडं वाऱ्याचं असं मिळतं. वारा पूर्वेचा झाला की उलटं. उत्तर समुद्राचं पाणी मेमध्ये अजून गारठलेलं असतं, त्याच्यावरून उबदार दमट हवा आली की तिचं धुकं होतं, आणि ते धुकं किनाऱ्यावर येऊन बसतं, त्याला इथे सी फ्रेट म्हणतात. आत दहा-पंधरा किलोमीटरवर लख्ख ऊन, लोक शर्टावर, आणि किनाऱ्यावर दात वाजतायत. त्या दिवशी केझिकला मात्र डोंगर कापून ठेवल्यासारखे स्वच्छ दिसतात.

तेव्हा आधी डोंगर मग समुद्र हा क्रम आत्ता पक्का करू नका. रद्द करता येईल असं बुकिंग दोन्हीकडे मिळतं का बघा, आणि तीन दिवस आधी वाऱ्याची दिशा बघून क्रम ठरवा. केझिक ते व्हिटबी गाडीने पावणेतीन-तीन तास लागतात, फार काही नाही.

फोनवरचं ॲप जे दाखवतं ना, ते केझिक गावाचं असतं, म्हणजे खालचं. डोंगरासाठी माउंटन वेदर इन्फॉर्मेशन सर्व्हिस म्हणून आहे त्यांचा अंदाज बघा, किंवा मेट ऑफिसचा (इथलं हवामान खातं) डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो तो. त्यात माथ्यावर वारा किती, तो अंगाला किती गार लागणार, ढग किती उंचीवर बसणार आणि माथे मोकळे असण्याची शक्यता किती टक्के, असं सगळं लिहिलेलं असतं. हे चार आकडे बघून प्लॅन करा. वाऱ्याचे झोत ताशी चाळीस मैलांच्या वर लिहिले असतील तर धारेवर पाय ठेवायचा नाही, चालता चालता ढकलला जातो माणूस.

आणि उंचीचं म्हणाल तर, आपण ५४ अंश उत्तरेला आहोत. कळसूबाईच्या वर देऊळ आहे, वाटेत लिंबूसरबतवाले आहेत, खाली झाडी आहे. इथले माथे उघडे बोडके, गवत आणि दगड, आडोसा म्हणजे कुठेतरी रचलेली कमरेइतकी दगडी भिंत. वाटेवर बाण रंगवलेले नसतात, पाट्या जवळजवळ नाहीतच, दगडांच्या राशी असतात त्यासुद्धा ढगात दहा पावलांवर दिसेनाशा होतात. ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा घ्या, केझिकच्या बाजूला ओएल ४ आणि हेल्वेलिनला ओएल ५, आणि होकायंत्र. फोनवर नकाशा डाउनलोड करून ठेवा पण गारठ्यात बॅटरी कशी उतरते ते बघालच.

जाता जाता एक, केझिकहून पूर्वेला निघालात की पेनरिथच्या पुढे डाव्या हाताला लांबलचक कडा दिसेल, तो क्रॉस फेल, ८९३ मीटर. तिथे ईशान्येकडून वारा सुटला की डोंगरमाथ्यावर ढगाची पांढरी टोपी बसते आणि खालच्या गावांवर वारा गर्जत उतरतो, त्याला हेल्म विंड म्हणतात. ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेला वारा तेवढा एकच. एका एप्रिलमध्ये मी तिथे गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लावले होते.

सुईदोरा

वारा-दिशा सगळं बरोबर आहे पण मला त्या "पावसातच खरी मजा" वर बोलायचंय, कारण मी सोलापूरची, मँचेस्टरला नर्स आहे, आणि हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी हेल्वेलिनच्या पायथ्याशी ऐकलंय.

आपल्याकडे पावसात भिजणं हाच ट्रेक असतो. भिजा, कणीस खा, धबधब्याखाली उभे राहा, घरी येऊन आलं घातलेला चहा प्या, काही होत नाही कारण पाऊसच मुळात कोमट असतो. इथे भिजणं हा अपघात आहे हो. तो मोडलेल्या पायासारखाच धरायचा.

तीन वर्षांपूर्वी मेच्या मध्यात आम्ही सहाजण थर्लमिअर तलावाच्या बाजूने हेल्वेलिनला निघालो. ती वाट सोपी आहे, सरळ चढ, धार वगैरे काही नाही. खाली १२ डिग्री, मधूनमधून ऊन. आमच्यातला एक, नुकताच बंगलोरहून आलेला, जीन्स आणि कॉटनचा हुडी घालून होता, वर पोंचो. अर्ध्या वाटेत पाऊस आला तेव्हा हा खूष, हात पसरून उभा. वाऱ्याने पोंचो डोक्यावरून उलटा झाला, मग तो हातात धरून चालायला लागला कारण त्याच्याशी झगडून कंटाळला. माथ्यावर अधिकच्या चिन्हासारखी दगडी भिंत बांधलेली आहे, वारा कुठूनही आला तरी एक कोपरा आडोशाचा मिळतो, तिथे बसलो तोपर्यंत पावसात गारा मिसळल्या होत्या. त्याने पार्ले-जीचा पुडा काढला आणि फोडायला लागला. मी बघतेय, तो नखाने टोक शोधतोय आणि बोटं टोकाच्या शेजारी पडतायत. तीनदा, चारदा. मग त्याने पुडा तसाच मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. मी विचारलं गार वाटतंय का, तर म्हणाला "नाय नाय, तुम्ही व्हा पुढे", आणि ते शब्द जड जड, जिभेला चिकटल्यासारखे आले. रोज हॉस्पिटलात बघते म्हणून माझ्या लक्षात आलं, दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की दमलाय.

भिंतीच्या आडोशाला त्याचा हुडी आणि शर्ट काढला, पिळला तर धार लागली. कुणाचा कोरडा फ्लीस, कुणाचं जॅकेट, माझी लोकरीची टोपी, आणि सॅकमध्ये नारिंगी प्लास्टिकची एक मोठी पिशवी असते सर्व्हायव्हल बॅग म्हणून, दोन-चार पौंडांची, त्यात छातीपर्यंत घातला. थर्मासमधला गोड चहा घोट घोट. वीस-पंचवीस मिनिटांनी तो थडथडायला लागला, आणि मला बरं वाटलं, कारण कुडकुडणं थांबलेला माणूस जास्त धोक्यात असतो. मग आल्या वाटेने दोघांच्या मध्ये धरून खाली. त्याला आजही माथ्यावरचं धड आठवत नाही.

म्हणून कॉटन नको, जीन्स तर नकोच. अंगाला लागून सिंथेटिक किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, त्यावर टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट, आणि वॉटरप्रूफ पँट, हे लोक विसरतात. मे असला तरी हातमोजे आणि कानटोपी प्रत्येकी. आईबाबांनासुद्धा, तळ्याकाठी चालणार असले तरी. सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि कोरडे कपडे तिच्यात, कारण सॅकचं कव्हर वाऱ्याने उडून जातं. पाऊस सुरू व्हायच्या आधी जॅकेट चढवा, भिजल्यावर नाही. पोंचो गाडीत राहू दे.

काही झालंच तर ९९९, आधी पोलिस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवंय म्हणून सांगायचं. येणारी माणसं सगळी स्वयंसेवक असतात, आपापली कामं सोडून येतात, पैसे घेत नाहीत. शिट्टी ठेवा, मिनिटात सहा वेळा फुंकायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा.

चहाबाज

ताईंचं पटतंय पण वाचणाऱ्याला वाटेल हजार पौंड घातल्याशिवाय घराबाहेर पडू नये. तसं नाहीये. मी डरहॅमला विद्यार्थी असताना निम्मं सामान चॅरिटी शॉपमधून घेतलं, फ्लीस पाच-सहा पौंडांना मिळाला अजून घालतोय. पैसे घालायचेच तर बूट आणि जॅकेट, बाकी सगळं साधं चालतं. आईबाबांसाठी जॅकेट घरातल्या कुणाचंतरी उसनं घ्या, दोन दिवसांसाठी नवीन कशाला.

खाण्याचं, डोंगरावर काही मिळत नाही हे धरून चाला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी असेल तर सोनं, चिक्की खिशात (सॅकमध्ये नाही, खिशात, कारण वाऱ्यात सॅक उघडायचा कंटाळा येतो आणि माणूस उपाशी राहतो). आणि मेंढ्यांची कोकरं असतात मेमध्ये, फाटक उघडलं की लावून घ्या.

रानवाट

बापरे. सुईदोराताई, तुमचं वाचून बायकोने जीन्सचा विषय बंद केला. कृष्णाकाठ, वाऱ्याचं आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं, खरंच आभार. रोज वाऱ्याचा नकाशा बघायला लागलोय.

आता दोन गोष्टी. स्ट्रायडिंग एज सोडावं लागेल का? आणि समुद्राच्या बाजूचं कुणी सांगेल का, व्हिटबी ते रॉबिन हुड्स बे असं कड्यावरून चालत जायचंय, वाळूतून पण जाता येतं असं कुणीतरी म्हणालं. बाबांना समुद्र बघायचाय आणि ते छत्री घेणार म्हणून हटून बसलेत.

कृष्णाकाठ

स्ट्रायडिंग एजबद्दल. कोरडा दिवस, वारा मंद, माथा मोकळा, असं असेल तर नळीची वाट केलेल्या माणसाला ती जमते, अवघड अशी एखादीच जागा, धारेच्या शेवटी एक छोटी चिमणी, म्हणजे खडकातली अरुंद उभी खाच, उतरावी लागते, मग हेल्वेलिनचा चढ लागतो. पण दगडाच्या भरवशावर राहू नका. इथलाही दगड ज्वालामुखीचाच, पण ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सह्याद्री त्यामानाने काल-परवाचा, साडेसहा कोटींचा. आपल्या कातळाला खरखर असते, इथे हजारो बुटांनी घासून काही जागा काचेसारख्या झाल्यात, वर शेवाळ, आणि ओलं झालं की पाय धरत नाही. हेल्वेलिन ९५० मीटर आणि ढग ८०० वर बसणार असं अंदाजात असेल तर धार ढगात आहे, गणित सोपं आहे. त्या दिवशी ग्लेनरिडिंग गावातून रेड टार्न तळ्यापर्यंत जा, साधारण ७२० मीटरवर आहे, तिथून धार समोर दिसते. तळ्याशी बसून ठरवा. तिथून मागे फिरणारे खूप असतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

बाबांसाठी लॅट्रिग. ३६८ मीटर, पण गेल रोडने वरच्या कार पार्कपर्यंत गाडी जाते आणि तिथून माथ्यापर्यंत चाकाच्या खुर्चीलाही जमेल अशी पायवाट केलीये, गुडघ्याला त्रास नाही. वर गेलात की केझिक गाव, डरवेंटवॉटर तळं आणि मागे बॉरोडेलचे डोंगर एका नजरेत. कॅटबेल्सचं सगळे नाव घेतील, ४५१ मीटर, दिसायला देखणं, पण माथ्याखाली हात लावून चढायचे दगड आहेत, ओल्यात बाबांनी करू नये. कॅटबेल्सच्या पायथ्याने तळ्याच्या काठाकाठाने रानातून जी वाट जाते ती आईंना आवडेल, लाँच असते केझिकहून, हॉज एंडला उतरा, दमला तर पुढच्या धक्क्यावरून लाँच धरून परत. आणि पाऊस लागलाच तर बटरमिअर तळ्याची फेरी, सातेक किलोमीटर, जवळजवळ सपाट, एके ठिकाणी खडकातून कोरलेला बोगदा लागतो.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने करा, १८९२ चा नियम आहे, दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आईबाबांसाठी त्याच्यावर निम्मा वेळ वाढवा. उजेडाची चिंता नाही, मेअखेरीस साडेनऊपर्यंत सूर्य असतो.

खाडीकाठ

समुद्राचं मी सांगतो. आमचं घर दाभोळच्या खाडीवर, आता मिडल्सब्रोला आहे, आणि व्हिटबीचा तो पट्टा मी किती वेळा चाललोय ते मोजलं नाही.

पहिलं म्हणजे वाळूतून व्हिटबी ते रॉबिन हुड्स बे हा विचार सोडून द्या. ती वाळू नाहीच, खडकांच्या फरशा आहेत, शेवाळाने बुळबुळीत, आणि वर उभा कडा. भरती आली की पाणी थेट कड्याला लागतं, वर यायला मध्ये वाट जवळजवळ नाहीच. वरून कडाही ढासळत असतो, पावसानंतर जास्त. लोक ॲमोनाइटचे जीवाश्म शोधत कड्याच्या बुडाशी बसलेले दिसतात, तिथे मुलांना घेऊन बसलेले पाहिले की पोटात कालवतं माझ्या. त्या बाजूचं काही झालं तर ९९९ ला कोस्टगार्ड मागायचा, पोलिस नाही.

आपल्याकडे किनाऱ्यावरच्या माणसाला तिथी माहीत असते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची भरती, ती इथेही तशीच चालते, चंद्र एकच आहे. बाबांकडे पंचांग असेलच, बघायला सांगा. पण त्याच्यावर न थांबता भरती-ओहोटीचं त्या दिवशीचं वेळापत्रक काढा, रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतं. रॉबिन हुड्स बेला वाळूत उतरायचंच असेल तर तिथून बॉगल होल या छोट्या खाडीपर्यंत जा, किलोमीटरभर आहे, छान आहे. नियम असा की पाणी उतरत असताना निघायचं आणि पूर्ण ओहोटीच्या वेळेला पाठ फिरवायची. पाणी चढायला लागल्यावर अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करायचं नाही. उशीर झालाच तर बॉगल होलहून वर कड्यावर वाट आहे तिने या. पश्चिमेला मोरकॅम बेमध्ये तर हे आणखी भयंकर आहे, तिथे फेब्रुवारी २००४ मध्ये शिंपल्या गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर रात्रीच्या भरतीत गेले. तिकडे वाटाड्याशिवाय वाळूत पाऊलही टाकू नका.

आता वरची वाट. ती क्लीव्हलँड वेचा भाग आहे, हेल्म्सली ते फायली अशी १७५ किलोमीटरची वाट, १९६९ मध्ये खुली झाली, खांबांवर एकॉर्नचं म्हणजे ओकच्या फळाचं चिन्ह असतं. व्हिटबीत १९९ पायऱ्या चढून ॲबीपाशी, म्हणजे जुन्या मठापाशी या, तिथून रॉबिन हुड्स बे साधारण ११ किलोमीटर. बाबांना पायऱ्या चढायला जड नाही जाणार पण पुढे ओढ्यांच्या घळी लागतात, उतरा-चढा, उतरा-चढा, आणि पावसानंतर तिथली चिकणमाती म्हणजे भाताच्या खाचरातला चिखल, बुटाला दोन दोन किलो लागतो. त्या उतारांवर काठ्या हव्यात, छत्रीच्या जागी बाबांना दोन काठ्या द्या. कडेपासून दोन-तीन माणसं मावतील एवढं आत चाला, कुंपण काही ठिकाणी हवेत लोंबकळताना दिसेल कारण खालची जमीनच गेलेली असते.

फ्रेट आला तर घाबरू नका पण कड्यावर थांबूही नका. फ्रेट येताना दिसतो, समुद्रावर एक करडी भिंत उभी राहते आणि पंधरा मिनिटांत अंगावर. व्हिटबीच्या पुढे दीपगृह आणि जुन्या फॉगहॉर्नची इमारत लागते, कड्यावर एवढं मोठं भोंग्याचं घर का बांधलं असेल ते त्या दिवशी कळतं. अशा वेळी आत वळून सिंडर ट्रॅक धरायचा. स्कारबरो-व्हिटबी रेल्वेची जुनी लाइन आहे, १९६५ मध्ये गाड्या बंद झाल्या, रूळ काढले, आता सायकलींची आणि चालायची वाट, चढ अगदी हलका, दोन्ही बाजूंना झाडी, वाट चुकायचा प्रश्नच नाही. आईंना तर सरळ तिथूनच आणा, व्हिटबीजवळ एस्क नदीवर तांबड्या विटांचा १३ कमानींचा पूल आहे त्याच्यावरून चालत जाता येतं. परतीला एक्स ९३ बस आहे, सगळ्यांनी एकच अंतर चालायला पाहिजे असं नाही.

रानवाट

परत आलो, मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण तुम्ही एवढं लिहिलंत.

बुधवारी अंदाज बघितला तर शुक्रवारी जोराचा नैऋत्येचा वारा, लेक डिस्ट्रिक्टला दिवसभर पाऊस, आणि शनिवार दुपारनंतर वारा पूर्वेचा होणार. क्रम उलटा केला. केझिकच्या घरमालकीणबाईंनी तारखा बदलून दिल्या, पैसे पण नाही घेतले. शुक्रवारी व्हिटबीत वारा होता, छत्री उघडायची बाबांची इच्छा १९९ पायऱ्यांच्या निम्म्यावर संपली, पण पाऊस म्हणाल तर दहा मिनिटांची एक सर. संध्याकाळी बंदरावर बसून मासे-चिप्स खाल्ले, आईने फक्त चिप्स.

शनिवारी मी आणि बाबा कड्यावरून निघालो, बायको आणि आई सिंडर ट्रॅकने. दोन काठ्या घेतल्यामुळे बाबा घळी उतरताना थांबले नाहीत, फक्त एकदा म्हणाले की चिखल आजोळच्यासारखा आहे. दीपगृहाच्या थोडं अलीकडे ती करडी भिंत दिसली. खाडीकाठ, तुम्ही लिहिलं नसतं तर मी फोटो काढत बसलो असतो. आधी आवाज बदलला, लाटांचा आवाज आहे पण कुठून ते कळेना, मग थंडी, आणि मग बाबांचं लाल जॅकेट दहा फुटांवर गुलाबी दिसायला लागलं. खाली कड्यात पक्ष्यांचा कलकलाट चाललेला, एकही दिसत नव्हता. नकाशावर आत जाणारी वाट आधीच बघून ठेवली होती, ती धरून सिंडर ट्रॅकवर आलो. चाळीस मिनिटांनी आई आणि बायको मागून चालत आल्या, तिकडे धुकं विरळ होतं, त्यांना वाटलं आम्ही गंमत करायला इकडे आलोय. चौघांनी मिळून रॉबिन हुड्स बे गाठलं. वाळूत उतरलो नाही, भरती चढत होती.

रविवारी केझिकला निळं आभाळ, तुम्ही म्हणालात तस्संच. लॅट्रिगवर बाबांनी बाकावरून अर्धा तास हलायला नकार दिला. आईने लाँचमधून तळं बघितलं आणि काठाने ब्रँडलहाऊपर्यंत चालली, स्वतःहून. सोमवारी बटरमिअर. बोगद्यात आईने अभंगाची एक ओळ म्हणून बघितली, छान घुमते.

मंगळवारी आईबाबा गावात थांबले आणि आम्ही दोघं ग्लेनरिडिंगहून निघालो. अंदाजात ढग ७५०-८०० वर आणि झोत पस्तीसचे. रेड टार्नला पोचलो तेव्हा पाऊस आडवा येत होता, जॅकेट-पँट आधीच चढवलेली. धार मधूनच अर्धी दिसायची, काळीभोर, आणि परत जायची. तळ्याशी दगडाच्या आडोशाला बसून गुळपोळी खाल्ली. बायकोने ग्लोव्ह काढून चिक्कीचा कागद सोडवला आणि मला दाखवला, बघ, बोटं चालतायत. मग आम्ही परत फिरलो. चार-पाचजण आमच्या डोळ्यांदेखत धारेकडे चढले, ते कसे आले असतील खाली ते डोक्यातून जात नाही. उतरताना हजार वेळा वाटलं की ढग उठेल. नाही उठला.

ऑक्टोबरअखेरीस दोघंच परत जाणार आहोत. तेव्हा काय वेगळं धरायचं?

कृष्णाकाठ

बाबांना नमस्कार सांगा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर केझिकला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दोघांचे दोन हेडटॉर्च घ्या, सेल नवीन, आणि माथ्यावर कितीही पोचायचं राहिलं असलं तरी एक वाजता मागे फिरायचं. माथ्यावर पहिलं बर्फ तेव्हाच कधीतरी पडतं, निघायच्या आदल्या दिवशी मला एक मेसेज टाका, वारा बघून सांगतो.